डावीकडची जमा

अन्याय झाला तो पिंपळीच्या बापूवर. चार वर्षांपूर्वी, माघ संपायला पाच दिवस उरले असताना, गुरुवारी दुपारी अडीच वाजता, पुण्यातल्या एका कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर. एम.कॉम.च्या चाचणी परीक्षेची हिशेबाची उत्तरपत्रिका त्याच्या हातात ठेवली गेली. सगळ्यांत मोठ्या प्रश्नाला शून्य होतं, आणि शून्याशेजारी तांबड्या शाईत लिहिलं होतं : ‘आरशात पाहून लिहिले आहे.’ आकडा एकही चुकलेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या बेरजा आण्या-पैसह जुळत होत्या. तरी शून्य. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी रमणार आहे, आणि रमलेला माणूस मुद्दा विसरतो.

यंदाही फाल्गुन लागला आणि कालव्याच्या भरावावर पोरं पुस्तकं घेऊन बसायला लागली. आमच्या बारामती-इंदापूरकडे परीक्षेचा हंगाम शाळूच्या काढणीबरोबर येतो. एका शेतात कडबा बांधतात, बांधापलीकडे कुणीतरी मोठ्याने पाठ करत असतो, आणि वारा फिरला की पाठांतर आणि खळ्यावरचा कोंडा एकदमच अंगावर येतात. लांबच्या गुऱ्हाळाचा गोड, थोडासा करपट वास असतो. पाटाला पाणी सुटलं की ढेकळं आधी फुसफुसतात, मग गप्प होतात. मला परीक्षा म्हटलं की बाक आणि घंटा आठवत नाहीत. वांग्यांच्या वाफ्याच्या कडेला पोतं टाकून बसलेला बापू आठवतो, मांडीवर फळी, फळीवर कागद, कागदावर रुपये-आणे-पैचे तीन उभे रकाने.

मी हिशेबातला नाही. माझा धंदा पत्रकं काढण्याचा. पाणीपट्टी वाढली, काढ पत्रक. पाण्याची पाळी चुकली, काढ पत्रक. बारामतीच्या ज्या छापखान्यात मी जायचो तिथे ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द जुळवून एका बाजूला तयारच ठेवलेले असत, माझ्यासाठी. त्यामुळे ती उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा माझी मूठ आधी वळली आणि काय झालंय ते मी नंतर विचारलं. बापूने मला समजावलं. ते जसंच्या तसं सांगतो, कारण मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

आपल्या खतावणीत, म्हणजे ज्या वहीत प्रत्येक माणसाचं वेगळं पान असतं तिच्यात, जमा डाव्या हाताला लिहितात आणि नावे उजव्या हाताला. इंग्रजी खातेवहीत नेमकं उलटं. नावे डावीकडे, जमा उजवीकडे. एवढाच फरक. बापूने कॉलेजात जायच्या आधी इंदापूरला एका अडत दुकानात दोन वर्षं खतावणी लिहिली होती. तेव्हा तो शिकायला इंदापूरलाच होता; शाळा सुटली की दुकान. त्यामुळे इंग्रजी पद्धत त्याच्या डोक्याला पाठ होती, पण हाताला पाठ नव्हती. बी.कॉम.ला त्याने एक तोड काढली होती. पेपरला बसलं की डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईचा ठिपका द्यायचा, ठिपका म्हणजे नावे. त्यावर तो पदवीधर झाला. मग या वेळी ठिपका का दिला नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाला, “एम.कॉम.ला बसणाऱ्यानं नख रंगवायचं? लाज वाटली मर्दा.”

त्या लाजेची किंमत ठरली एक महिना. शून्य देणारे प्राध्यापक म्हणाले होते, “परीक्षेच्या फॉर्मवर मी आज सही करणार नाही. महिन्याने या. माझ्यासमोर बसून एक खातं लिहायचं. सरळ लिहिलंत तर सही, नाही तर पुढच्या वर्षी.” आणि पुढचं वर्ष बापूला नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, जेवताना ताटावरून मान वर न करता सांगितलं होतं, “हे एवढं एक साल. मग वालचंदनगरला कारकुनाची जागा मिळतीया ती धर, न्हायतर वाफं हायतच.” दादा वाईट माणूस नव्हे. सहा वर्षं त्याने भावाला पुण्यात शिकवलं ते वांगी आणि पेरूंच्या पाट्या बारामतीच्या बाजारात उतरवून. सातवं वर्ष मागायला बापूचं तोंड नव्हतं.

तर असा तो महिना. मी रोज सकाळी सायकल मारत पिंपळीला जायचो. माझं काम प्रश्न मोठ्याने वाचायचं आणि घड्याळ धरायचं. खरं सांगायचं तर माझा उपयोग फारसा नव्हता, पण त्या घरी ज्वारीची भाकरी चुलीवरून थेट ताटात पडायची आणि वर वांग्याचं भरीत, लसूण सढळ. आंदोलनात इतकं चांगलं खायला मला कधी मिळालं नाही.

पहिला आठवडा वाया गेला. बापू दहा खाती सरळ लिहायचा आणि अकराव्याला हात घरी जायचा. मग तो पेन आपटायचा. एकदा शाई वैनींच्या निवडून ठेवलेल्या वांग्यांवर उडाली. बापूची वहिनी, गावातली मी पाहिलेली सगळ्यांत हजरजबाबी बाई, पाटीशेजारी बसून कीडकं फळ बाजूला काढत होती.

“भावजी, माल बाजारात जायाचा हाय. त्यावर सई करू नगा.”

“वैनी, हात ऐकत न्हाय गं.”

“आन पाखऱ्या ऐकत हुता व्हय? जलमभर डावीकडनं वढल्याला बैल. गेल्या साली जोडीदार मेला, त्येला उजवीकडं जुंपला, तर दोन दीस माळावर हुबा. ह्यांनी मारला न्हाय. मोकळं जू घालून नुस्ता फिरवला, आदी हिकडं, मग तिकडं. आता दोन्हीकडनं वढतोय.” मग माझ्याकडे वळून, “आन ह्ये भावजी काय करत्यात? घड्याळ बगत्यात. बैलाला घड्याळ दावून काय हुतंय?”

मी घड्याळ खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी मोकळं जू घालायचं असं ठरलं, पण म्हणजे काय करायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही इंदापूरला तात्यांकडे गेलो.

तात्या म्हणजे बापूच्या आईचे चुलते, त्या अडत दुकानाचे दिवाणजी. बापूला खतावणी शिकवली ती यांनीच. दुकान पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. बाहेर ट्रक धुरळा उडवत जायचे आणि आत गुळाच्या ढेपांच्या थंडाव्यात तात्या उतरत्या मेजापुढे मांडी घालून बसलेले. तांबड्या कापडात बांधलेल्या लांबट वह्या, दोरीने कानाला अडकवलेला चष्मा. अक्षर असं, की वहीचं पान उलटताना माणूस हात पुसून घेईल. बापूने सगळं सांगितलं. शून्य तात्यांनी नुसतं ऐकून घेतलं. ‘आरशात पाहून’ हे शब्द मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.

“म्हंजी मी बी आरशातच बगत आलो म्हन की, चाळीस सालं,” ते म्हणाले. हसले, पण चष्मा काढून उगीच पुसत बसले. माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार झाली ती त्या क्षणी.

मग त्यांनी बापूच्या हातातला कागद काढून घेतला. “बाजू बगू नगंस. बाजू कागदाच्या असत्यात. मानूस बग. घेनारा कोन? देनारा कोन? घेनारा नावं, देनारा जमा. सायबाचं बी ह्येच का न्हाय?”

“ह्येच हाय.”

“मग आदी तोंडानं म्हन. हाताला तवर काम न्हाय.”

हेच ते मोकळं जू. त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांत मोडतात, आणि हे मी पत्रकी भाषेत म्हणत नाही. आम्ही दिसेल त्याचं खातं मांडत सुटलो. मी पेरूच्या झाडाचं शेवटचं फळ तोडलं की बापू म्हणायचा, “घेणारा तू. तुझ्या नावे पेरू एक. देणारी बाग. बाग जमा.” पाटकऱ्याने दार उघडलं : “घेणारा वाफा, देणारा पाट.” वैनींनी दुसऱ्यांदा ताक वाढलं : “भावजींच्या नावं ताक दोन,” हे त्याच म्हणाल्या, आणि पुढे असंही, “देनारी मी. माजी जमा कुनी मांडंना ह्या घरात.” आम्ही हसलो. मग बापूने खरोखर कागद घेतला आणि त्या दिवशी पहाटेपासून वैनींनी काय काय दिलं ते विचारून लिहून काढलं. पाणी, शेण-झाडलोट, भाकरी, धार, निवडलेली वांगी. पान भरलं. एका बाजूलाच भरलं. दुसरी बाजू कोरी. वैनींना वाचता येत नव्हतं, पण कोरी बाजू दिसत होती. त्यांनी तो कागद घडी करून कनवटीला लावला आणि बापूला म्हणाल्या, “ह्ये खरं शिक्षान.”

मी या काळात गप्प बसलो असं कुणी समजू नये. मी पत्रक लिहिलंच. ‘शेतकऱ्याच्या पोरावर शून्याचा वार!’ असा मथळा. आत एक वाक्य होतं, त्याचा मला आजही अभिमान आहे : ‘आमचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने येतं, आमच्या घरात जे काही येतं ते डावीकडूनच येतं, मग आमची जमा डावीकडे असली तर बिघडलं कुठे?’ छापायला देण्याआधी बापूला वाचून दाखवलं. त्याने पेन्सिल घेतली.

“हितं ‘हजारो विद्यार्थी’ लिवलंयस. कुठले हजारो?”

“पत्रकात तसं लिहितात.”

“एक हाय. मी. ‘एक’ लिव.”

“एकाने कोण पेटेल?”

“‘शेकडो वर्षांची परंपरा.’ कागद दाव. किती शेकडो?”

“अरे, तू मित्र आहेस का ऑडिटर?”

“आन कालव्याची डावी बाजू नदीच्या वाहत्या तोंडाकडं बगून ठरवत्यात. आपल्या घराकडं बगून न्हाय. तुझी उपमाच चुकली.” मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाला, “छापू नगंस. मला भांडून सई न्हाय पायजे. सरळ लिवून पायजे.”

मला राग आला. दोन दिवस मी पिंपळीला गेलो नाही. छापखान्यात बसून दुसरीच पत्रकं चाळत राहिलो आणि प्रत्येकात मला ‘हजारो’ दिसायला लागले. माझेच. तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही. मोजता येईल तेवढंच लिहितो. माझ्या चळवळीतले मित्र म्हणतात की माझी धार गेली. गेली नाही. आता मी काय म्हणतो ते खोडायला तालुक्याच्या कचेरीला जास्त वेळ लागतो.

बापू हे का शिकत होता तेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल की त्याला नुसती पाटीवर नावापुढे अक्षरं हवी होती. गावच्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला तो लहानपणापासून आबा लोकांच्या मागे बसायचा. पुण्याहून ऑडिटर यायचा, इंग्रजी कागद वाचायचा, आणि पागोटी हलायची. पटलं म्हणून नव्हे, संपलं म्हणून. बापू मला भरावावरून चालताना म्हणाला होता, “मला त्या खुर्चीत बसायचं हाय. बसून मराठीत सांगायचं हाय. कुनी उठून ‘ह्ये कसं काय?’ असं इचारलं, की मग माझं काम झालं.” एवढ्यासाठी त्याला पदवीवरची पदवी हवी होती, मग ऑडिटरच्या हाताखालची उमेदवारी, मग शेवटची परीक्षा. एवढ्या लांबच्या वाटेवरचं पहिलं दार म्हणजे ती एक सही.

महिना संपायच्या आधी आम्ही पुन्हा इंदापूरला गेलो. बापूने कॉलेजच्या ग्रंथालयातून कुठल्याशा कंपनीचा छापील ताळेबंद आणला होता, नुसता सरावाला. तात्यांनी तो चष्म्याजवळ धरला. इंग्रजी येत नव्हतं, पण आकड्यांच्या रांगा बघून ते थांबले.

“ह्या डावीकडं काय लिवलंय?”

“भागीदारांचं भांडवल. कर्ज. देणी.”

“म्हंजी दुसऱ्याकडनं आल्यालं.”

“व्हय.”

“आपल्यात त्येला जमा म्हनत्यात.”

“व्हय तात्या.”

“आन त्यो डावीकडं मांडतोय.”

बापूने कागद स्वतःकडे ओढला. सहा वर्षं तो हे नमुने लिहीत होता. वर्षभर सगळी खाती एका बाजूने लिहायची आणि शेवटच्या पानावर, ताळेबंदात, बाजू बदलायच्या, हे त्याने घोकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. तात्या हसायला लागले. हसता हसता खोकले, पाणी प्यायले, पुन्हा हसले. “अरं, म्हंजी सायब वरीसभर तिकडं हिंडतो, आन शेवटी येऊन बसतो आमच्याच वळचनीला!” शेजारच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून डोकावला. त्यालाही सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण तात्या इतके खूश पाहून तोही हसला. गुळाच्या वासात, धुरळ्यात, त्या उन्हात आम्ही चौघे हसत होतो. सगळ्या हंगामातली मला ठेवून घ्यावीशी वाटणारी दुपार ती हीच.

बारामतीहून दौंडला जाणारी छोटी गाडी अशी चालते की माणसाला पश्चात्ताप करायला वेळ मिळावा. एका स्टेशनावर डायव्हरने सिग्नलवाल्याच्या हाती टोकन दिलं, आणि खिडकीशी बसलेला बापू ओठ हलवत होता : “घेणारा सिग्नलवाला. देणारा डायवर.” पुण्यात पोहोचलो. प्राध्यापकांनी त्याला समोर बसवलं आणि एक खातं लिहायला दिलं. मी दाराशी उभा. बापू पुटपुटत लिहीत होता. प्राध्यापकांनी कान दिला, पण थांबवलं नाही. शेवटची रेघ मारून त्याने कागद पुढे केला. सरळ होता. संपूर्ण सरळ.

प्राध्यापकांनी टोपण काढलं, आणि सही करायच्या आत बापूने, ज्याने मला महिनाभर भांडू दिलं नव्हतं त्या बापूने, विचारलं, “सर, ताळेबंदात देणी डावीकडे का?”

पेन थांबलं. मला वाटलं, गेलं वर्ष.

“इतकी वर्षं शिकवतोय,” प्राध्यापक म्हणाले, “मला हे कुणी विचारलं नाही. कारण मला ठाऊक नाही. रीत पडून गेली आहे.” आणि सही केली.

मग मी पुढे झालो. शून्याचं काय, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “शून्य तसंच राहील. बाहेरच्या परीक्षकाने दिलं असतं तर यांना वर्ष द्यावं लागलं असतं. माझ्याकडून महिन्यात भागलं.” माणूस सरळ होता. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही कळलं, आजही कळतं. पण बरोबर बेरजेला शून्य हे बरोबर नाही, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो.

जूनमध्ये निकाल लागला. बापू दुसऱ्या वर्गात पास. दादाने निकालाची तार दोनदा वाचून घेतली आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेला. वैनी म्हणाल्या, गोठ्यात तासभर बसला होता. त्यानंतरची उमेदवारीची वर्षं बापूने पुण्यात एका ऑडिटरच्या हाताखाली काढली. अजून एक परीक्षा बाकी आहे, ती यंदा. यंदाही तो आठ दिवस पिंपळीला आला आहे, आणि भरावावर पोतं टाकून बसला आहे. मी सायकल मारत जातो. घड्याळ नेत नाही.

परवा मात्र एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. गावाकडे आलाच आहे म्हणून, इंदापूर तालुक्यातल्या एका सोसायटीच्या तपासणीला बापूला त्याच्या ऑडिटरने एक दिवस धाडलं होतं. मीही बरोबर गेलो. सेक्रेटरी पन्नाशीचे, पांढरी टोपी. त्यांनी खतावणी पुढे सरकवली आणि आम्ही काही बोलायच्या आत हात जोडले.

“सायेब, आमची वही उलटी हाय. माफी करा. गेल्या सायबांनी सांगितलंय, सुदारतो.”

बापूने वही उघडली. अक्षर सुंदर. बेरजा जुळलेल्या. तो म्हणाला, “आबा, उलटी न्हाय. सरळ हाय. मला ह्याच वहीत शिकवलंय.” जोडलेले हात सेक्रेटरींना खाली घ्यायचं सुचेना.

शून्य एका पोराला मिळालं होतं. तो शिकला, पास झाला, आनंदात आहे. पण हे हात? ज्याने वर्षानुवर्षं चोख लिहिलं त्याने आपल्याच चोख वहीबद्दल माफी का मागावी? बापूच्या हाताला इंग्रजी पद्धत शिकायला महिना लागला. पुण्याच्या ऑडिटरला आपली पद्धत शिकायला दोन दिवस लागतील. पण त्याला ती कुणी विचारतच नाही. बापूच्या एम.कॉम.च्या एकाही पेपरात खतावणीवर प्रश्न नव्हता. सरकारने आणे बंद करून नवे पैसे आणले, तेव्हा भाजीवाल्या बायकांपासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळे कुरकुरले आणि सगळे शिकले. शिकायला सांगितलं की माणसं शिकतात.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. एक पोस्टकार्ड घ्या. विद्यापीठाच्या नावाने लिहा : ‘वाणिज्याच्या प्रत्येक परीक्षेत एक प्रश्न आपल्या खतावणीवर घाला. मराठीत घाला. आणि त्यात जमा डावीकडे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.’ खाली तुमचं नाव, गाव, आणि तुम्ही एकच आहात हेही लिहा; हजारोंच्या वतीने लिहू नका. हा अंक खाली ठेवायच्या आत लिहा आणि पेटीत टाका. टाकलंत का, हे विचारायला मी येणार आहे.